कुत्र्याच्या पानातलं धान्य

गिरिजात्मजाच्या दर्शनाला लेण्याद्रीला आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. पायऱ्या चढताना दम लागतो, माकडं हातातल्या पिशवीवर डोळा ठेवून असतात, आणि वर पोचलं की समोर कुकडीचं खोरं उलगडतं. ही लेणी आणि जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांतली इतर लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. त्यांचा खर्च कोणी केला, ते ब्राह्मी लिपीतल्या लेखांमधून कळतं. जुन्नरच्या या लेखांपैकी एक मला फार आवडतो. त्यात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. डोंगर कोरून घेण्याइतका पैसा धान्याच्या व्यापारात होता, असा हा मुलूख.

आता याच मुलखातली आजची गोष्ट पाहा. शहरात कुत्रं पाळणाऱ्या घरांत, आणि हल्ली मोठ्या गावांतही, कुत्र्याच्या खाद्याची चकचकीत पिशवी दिसते. काही पिशव्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं : 'धान्यविरहित'. काहींवर त्याच्याही पुढचा शब्द असतो : 'केटो'. धान्य नसणं हीच या मालाची प्रतिष्ठा. ही पिशवी चांगली का, तिच्यातले घटक सुरक्षित का, असं मला दोन-तीन ओळखीच्या मंडळींनी विचारलं. मी इतिहासाचा विद्यार्थी, पशुवैद्य नव्हे. आजारी कुत्र्याला काय द्यावं ते त्याच्या डॉक्टरनेच सांगावं. पण खाण्याच्या वस्तूवर विश्वास कसा ठेवायचा आणि कधी ठेवायचा नाही, याला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात कुत्रं वारंवार आपल्यापुढे उभं असलेलं दिसतं. तो सांगण्यासारखा आहे.

आधी 'केटो' म्हणजे काय ते पाहू. आपलं शरीर एरवी पिष्टमय अन्नातून मिळणाऱ्या साखरेवर चालतं. ती फारच कमी मिळाली आणि स्निग्ध पदार्थ भरपूर मिळाले, की यकृत चरबीपासून कीटोन नावाची द्रव्यं तयार करतं आणि शरीर त्यांवर काम भागवतं. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या, रुग्णांसाठी असा आहार सुचवला आणि त्याला 'कीटोजेनिक' हे नाव दिलं. म्हणजे हा जन्माने औषधी आहार. तोलूनमापून, डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायचा. वजन उतरवण्याची फॅशन तो पुढे झाला, आणि माणसांमधून कुत्र्यांकडे गेला.

कुत्र्यांच्या फिट्सवरही याच अंगाने प्रयोग झाले आहेत. २०१५ साली लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधल्या संशोधकांनी २१ कुत्र्यांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. खोबरेल तेलात असतात त्या जातीच्या मध्यम लांबीच्या स्निग्धांचा आहार त्यांना दिला होता. तीन कुत्र्यांच्या फिट्स थांबल्या, सात कुत्र्यांच्या निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाल्या, सहांना काहीच गुण आला नाही. चांगला, प्रामाणिक निकाल आहे. पण त्या आहारातून धान्य-पिष्ट हद्दपार केलेलं नव्हतं, आणि ती कुत्री आजारी होती. या चाचणीवरून धडधाकट कुत्र्याला धान्य वर्ज्य ठरत नाही.

मग धान्य हे कुत्र्याचं अन्न नव्हेच, असं जे पिशवीवर सुचवलेलं असतं, ते खरं का? त्यासाठी लेण्याद्रीहून फार लांब जायला नको. आंबेगाव तालुक्यात उगम पावणारी घोड नदी पुढे शिरूर तालुक्यात इनामगावजवळून वाहते. तिथे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी यांनी तिथे तीन हजार वर्षांहून जुन्या शेतकऱ्यांचं गाव उजेडात आणलं. जवासारखं धान्य पिकवणारे, ते कणग्यांत आणि जमिनीतल्या पेवांत साठवणारे ते लोक. त्या गावात सापडलेल्या जनावरांच्या हाडांत कुत्र्याचीही हाडं आहेत. कणगी आणि कुत्रं आपल्या नदीकाठी एकत्र नांदत आलेली आहेत.

ग्रंथांतही हेच दिसतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोठाराचा अधिकारी कोणाला किती धान्य देतो याचा हिशेब आहे. त्यात कुत्र्याला एक प्रस्थ, आणि हंस, क्रौंच, मोर यांना अर्धा प्रस्थ, असं माप ठरवलेलं आहे. राज्याच्या हिशेबवहीत कुत्र्याचा वाटा धान्याचा होता.

आणि २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये याला शरीरातला पुरावा दिला. पिष्ट पचवणारं अमायलेज नावाचं द्रव्य बनवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात फक्त दोन प्रती असतात. कुत्र्यांत त्या ४ पासून ३० पर्यंत आढळल्या. माणसाच्या उंबऱ्याशी राहता राहता कुत्र्याचं शरीर भाकरी पचवायला शिकलं. लांडगा मांस खातो म्हणून कुत्र्याला धान्य नको, हा युक्तिवाद त्यामुळे लंगडा पडतो.

मागे एकदा आण्याच्या पठारावर मेंढरांच्या वाड्याशी एका वृद्ध धनगराशी बोलत बसलो होतो. "बाबा, कुत्र्याला काय घालता?" असं विचारलं. ते म्हणाले, "आमी खातो त्येच. येगळं कशाला?" बाजरीची भाकरी, कधी दुधात, कधी ताकात कुस्करलेली. मग आपणहून म्हणाले, "त्येनं हुंगून टाकली भाकर, तर आमी बी पीठ बघतो." घरातला पहिला परीक्षक कुत्रा.

ही कल्पना फार जुनी आहे. कौटिल्य राजाला सांगतो की अन्न आधी अग्नीला आणि पाखरांना द्यावं आणि मग खावं. तिथे विषाची भीती उघड आहे. आपल्याकडे श्राद्धात गोग्रास, काकबळी यांबरोबर श्वानबळीही आधी काढून ठेवतात. त्यामागे श्रद्धा आहे; ती विषपरीक्षा होती असं मी म्हणणार नाही. पण आपल्या आधी कुत्र्याच्या पुढ्यात अन्न जाणं आपल्याला अपरिचित नाही.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, झालं, धान्य चांगलं आणि केटो वाईट. थांबा. धान्यालाही काळी बाजू आहे, आणि ती आधी कुत्र्यांनीच दाखवली.

१९५२ साली अमेरिकेच्या आग्नेय भागात कुत्र्यांच्या एका गूढ आजाराची नोंद झाली. यकृत सुजायचं, कावीळ व्हायची, कुत्री मरायची. कारण कळेना म्हणून नाव पडलं 'हेपॅटायटिस एक्स'. संशय कुत्र्यांच्या खाद्यावर आला, पण त्यातलं नेमकं विष सापडलं नाही आणि विषय मागे पडला. आठ वर्षांनी, १९६० साली, इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी असेच मेले. त्यांना ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड घातली होती. मोठं आर्थिक नुकसान झालं, शास्त्रज्ञ हात धुऊन मागे लागले, आणि पेंडीवरच्या अ‍ॅस्परजिलस फ्लेवस या बुरशीने तयार केलेलं विष हाती आलं. बुरशीच्या नावावरूनच त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. मग मागे वळून पाहिलं तेव्हा कळलं की त्या अमेरिकन कुत्र्यांचा मारेकरीही हाच होता. कुत्र्यांनी दिलेली खूण आठ वर्षं कोणी वाचली नव्हती.

आपल्या देशातली गोष्ट याहून जवळची आणि जास्त दुःखाची आहे. १९७४ साली राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत मक्याचं पीक काढणीला आलेलं असताना अवेळी पाऊस झाला. मका भिजला, नीट वाळला नाही, तसाच साठवला गेला. गरीब आदिवासी घरांत दुसरं अन्न नव्हतं, तोच मका रोज खाल्ला गेला. दीडशेहून अधिक गावांत कावीळ आणि जलोदराची साथ आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तज्ज्ञांनी नोंदवलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. आणि याच घरांतली, हेच अन्न खाणारी कुत्रीही तशाच आजाराने मेली. एखाद्या विषाणूची साथ नव्हे, तर ताटातलं काहीतरी आहे, याची ती एक मोठी खूण होती. माणूस आणि कुत्रं एकाच कणगीतून खात होते, एकाच कारणाने मेले.

इथे आपली एक म्हण कमी पडते. शितावरून भाताची परीक्षा होते, पण अफ्लाटॉक्सिनची होत नाही. हे विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. शेकडो दाणे स्वच्छ आणि एखादा दाणा विषाने भरलेला, असं असतं. मूठभर दाणे पाहून पोतं चांगलं म्हणता येत नाही. हे विष उकळून वा भाजून पुरतं जात नाही, आणि त्याला ओळखू येईल असा वासही नसतो. त्या धनगरबाबांचा कुत्रा कुबट पीठ ओळखेल, हे विष ओळखणार नाही. आणि 'थोडी बुरशी आली आहे, कुत्र्याला घालून टाक' ही आपल्या घराघरांतली सवय किती घातक आहे, तेही यावरून कळावं.

कारखान्यातही हे विष शिरतं. २०२०च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मका असलेलं कुत्र्याचं कोरडं खाद्य बाजारातून परत मागवावं लागलं. तिथे पाळीव प्राण्यांच्या खाद्यात अफ्लाटॉक्सिनची मर्यादा एक अब्ज भागांत २० भाग अशी आहे. ती ओलांडली गेली होती. महिन्याभरात ७० हून अधिक कुत्री दगावल्याच्या नोंदी झाल्या.

मग केटोवाले म्हणतील, बघा, आम्ही मका काढला, हे विषही गेलं. मक्यापुरतं ते खरं आहे. पण एक घटक काढला की त्याच्या जागी दुसरा येतो, आणि प्रश्न त्या दुसऱ्याचा असतो.

कुत्र्यासाठी विकतचं खाद्य करण्याची कल्पना १८६०च्या सुमाराची. जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने लंडनमध्ये गहू, बीट आणि मांस यांची कुत्र्यांची बिस्किटं काढली आणि ती प्रचंड खपली. ते मांस नेमकं कशाचं हे मात्र त्याने कधी सांगितलं नाही, असं म्हणतात. घटकांबद्दलचं मौन या धंद्याच्या जन्मापासूनचं आहे.

केटो खाद्यात धान्याची जागा प्रथिनं आणि स्निग्धं घेतात. पिशवीवर मोठा आकडा असतो : प्रथिनं इतके टक्के. पण प्रथिनं मोजतात कशी? डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ साली शोधलेल्या पद्धतीत पदार्थातला नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून प्रथिनांचा अंदाज करतात. हा नायट्रोजन प्रथिनातलाच आहे की आणखी कशातला, हे त्या पद्धतीला कळत नाही. याचाच फायदा भेसळ करणाऱ्यांनी घेतला. ज्याच्या ताटल्या आपल्या घरात असतात त्या मेलामाइनमध्ये वजनाच्या दोन-तृतीयांश नायट्रोजन असतो. चीनमधून गेलेल्या गव्हाच्या प्रथिनाच्या भुकटीत ते मिसळलेलं होतं. २००७च्या मार्चमध्ये उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली आणि एकट्या एका कंपनीला सुमारे ६ कोटी डबे-पाकिटं परत मागवावी लागली.

कुत्र्या-मांजरांचं दुखणं म्हणून बातमी विरली. दीड वर्षाने, २००८च्या सप्टेंबरमध्ये, चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या भुकटीत तेच मेलामाइन सापडलं. सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. भारतानेही त्याच महिन्यात चिनी दूध आणि दुग्धजन्य पदार्थांच्या आयातीवर बंदी घातली. तोच पदार्थ, तीच युक्ती, तीच मूत्रपिंडं. फरक इतकाच की आधी कुत्र्या-मांजरांचा नंबर लागला.

'धान्यविरहित' या शब्दाचीही अशीच चौकशी झालेली आहे. अशा पुष्कळ खाद्यांत धान्याऐवजी वाटाणा, मसूर, बटाटा भरपूर घालतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८च्या जुलैमध्ये जाहीर केलं की अशी खाद्यं खाणाऱ्या कुत्र्यांत हृदय फुगण्याच्या आजाराच्या तक्रारी येत आहेत. पुढच्या वर्षीच्या एप्रिलअखेरपर्यंत त्यांच्याकडे ५२४ नोंदी झाल्या होत्या. २०२२च्या डिसेंबरमध्ये त्यांनी सांगितलं की एवढ्या माहितीवरून खाद्य हेच कारण असं सिद्ध होत नाही. म्हणजे दोष शाबीत झाला नाही, आणि निर्दोष असल्याचा दाखलाही मिळाला नाही. शिवाय बटाटा आणि वाटाणा यांत पिष्ट असतंच. 'धान्यविरहित' म्हणजे 'केटो' नव्हे.

हे घरच्या घरी तपासता येतं. पिशवीवर पिष्टाचा आकडा बहुधा नसतो, पण बाकीचे असतात. समजा प्रथिनं २६, स्निग्धं १४, तंतू ४, ओलावा १० टक्के लिहिलेलं आहे आणि राख ७ धरली. बेरीज ६१. शंभरातून वजा केले, राहिले ३९. एवढं पिष्ट असलेली पिशवी 'केटो' म्हणवत असेल, तर तिचं नाव आणि पोट जुळत नाही.

आणि पिशवी खरोखरच केटो असेल, तर तिच्यात चरबी फार. अती चरबीने काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते, आणि ते दुखणं जिवावर बेतू शकतं. चरबी खवट होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघडी पिशवी महिनाभर ठेवली तर लवकरच. आणखी एक धोका घरातला. माणसांच्या साखर नसलेल्या केटो खाऊत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असू शकतो. माणसाला तो चालतो. कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने झपाट्याने उतरते, यकृतही निकामी होऊ शकतं. मॅकाडेमिया हा केटोवाल्यांचा आवडता सुका मेवाही कुत्र्याला बाधतो. तेव्हा आपला केटो लाडू प्रेमाने कुत्र्याला भरवू नये.

या सगळ्यावर कायदा काय म्हणतो? आपला अन्नसुरक्षा कायदा २००६चा. त्यात 'अन्न' या शब्दाची व्याख्या आहे, आणि तिच्यातून पशुखाद्य स्पष्टपणे वगळलेलं आहे. आपल्या पिठाला त्या कायद्याने जी हमी मिळते ती कुत्र्याच्या पिशवीला आपोआप मिळत नाही. पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं मानक आहे. पण मानक असणं आणि दुकानातली प्रत्येक खेप तपासली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी. कायद्याच्या भाषेत कुत्रं जे खातं ते अन्नच नाही. बांसवाड्याच्या कणगीला मात्र हा भेद माहीत नव्हता.

म्हणून पिशवी घेताना मोठ्या अक्षरांपेक्षा बारीक अक्षरं वाचावीत. मांस कशाचं, हे नावानिशी दिलं आहे का? तेल कोणतं? बनवल्याची तारीख, खेपेचा क्रमांक, कारखान्याचा पत्ता आहे का? कंपनीला पत्र टाकून विचारावं की बुरशीच्या विषाची तपासणी प्रत्येक खेपेची करता का, आणि तिचा निकाल दाखवाल का. ज्याला दाखवता येतो तो दाखवतो. उत्तरादाखल फक्त रंगीत पत्रक आलं, तर तेही एक उत्तरच समजावं. कुत्र्याने खाणं सोडलं, डोळे पिवळे दिसले, तर पिशवी फेकू नये. ती जपून ठेवावी, कुत्र्याला डॉक्टरकडे न्यावं आणि पिशवीही दाखवावी. १९५२च्या त्या कुत्र्यांचं खाद्य तेव्हाच नीट तपासता आलं असतं, तर पुढची आठ वर्षं वाया गेली नसती.

जुन्नरच्या त्या धान्य व्यापाऱ्यांनी आपल्या संघाचं नाव दगडात कोरून ठेवलं. दान कोणाचं, ते दोन हजार वर्षांनीही कळतं. आजच्या पिशवीतला मका, मांस किंवा तेल कोणाचं, हे कित्येकदा विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. धान्य की केटो, या वादापेक्षा मला हा प्रश्न मोठा वाटतो. कुत्र्याच्या पानात जे पडतं ते आज ना उद्या आपल्या पानाच्या वाटेवरचं असतं. ते कुठून आलं हे विचारण्यात लाड नाही, स्वार्थ आहे. आणि हा स्वार्थ प्रत्येकाने साधावा असाच आहे.